इकडे तर छान ऊन पडलंय

आमच्यात नकार कधी नकार म्हणून येत नाही. तो चांगले कपडे घालून, हातात एखादं कारण घेऊन येतो. पत्रिका जमत नाही. मुलाला इतक्यात करायचं नाही. आजींची तब्येत बरी नसते, सध्या घरात कार्य नको. साताऱ्यात मी ही सगळी कारणं ऐकलेली होती, काही तर दोनदोनदा. एका घरच्या त्या मरणासन्न आजी पुढच्याच महिन्यात मला बाजारात गवारीच्या शेंगा मोडून बघताना दिसल्या. चांगल्या ठणठणीत होत्या. भावही पाडून घेत होत्या.

म्हणून एकोणीसशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, अमेरिकेत, ताईच्या स्वयंपाकघरात फोन वाजला आणि पलीकडून 'घाटात बर्फ पडलाय, आज येता येणार नाही' असं कळलं, तेव्हा ताईने आणि मी एकाच वेळी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. अंगणातलं गवत वाळलेलं, समोरचे डोंगर बोडके आणि तपकिरी, आकाशात ढगाचा ठिपका नाही.

"असू दे, असू दे," ताई फोनमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाली. "इकडे तर छान ऊन पडलंय."

फोन ठेवल्यावर तिचा आवाज बदलला. "बर्फ म्हणे! नवीन निघालंय हे."

मी मृणालिनी. साताऱ्याच्या कॉलेजात गणित शिकवत होते, तिशी उलटली होती, आणि बिनपगारी रजा घेऊन सहा महिन्यांच्या व्हिसावर मोठ्या बहिणीकडे आले होते. सगळ्यांना सांगितलं होतं की अमेरिका बघायला चाललेय. काय बघायला चाललेय ते सगळ्यांना माहीत होतं. वसुधाताई आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे हेमचंद्र भाऊजी, याकिमा नावाच्या गावात राहायचे. भाऊजी तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. गावाभोवती सफरचंदाच्या बागा. मराठी घर त्यांचं एकच.

स्थळ होतं डोंगरापलीकडे, रेडमंडला. शैलेंद्र नाव, इंजिनियर, माझ्याहून थोडा मोठा. त्याची आई सांगलीहून त्याच्याकडे येऊन राहिली होती, कशासाठी ते वेगळं सांगायला नको. मध्यस्थ होत्या तिकडच्याच पद्मिनीकाकू, ज्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला लोकांच्या ताटात श्रीखंड आणि कानात स्थळं एकाच वेळी वाढायच्या. रेडमंड आणि याकिमाच्या मधे डोंगराची रांग, आणि ती ओलांडायला स्नोक्वाल्मी नावाचा घाट. ताई त्या घाटातून गेली होती ती फक्त उन्हाळ्यात, नाहीतर सप्टेंबरात गणपतीला. तिच्या लेखी तो आपल्या खंबाटकीसारखा एक घाट होता, फक्त जास्त रुंद.

"आपणच जाऊ ना तिकडे," भाऊजी म्हणाले. "हवा चांगली असली की सकाळी निघायचं, लंचला पोचायचं."

"अहो, काहीतरीच काय! आपण मुलीकडचे. मुलीला गाडीत घालून मुलाच्या दारात न्यायची? त्यांनी यायचं असतं."

"इथे कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना बघायला," ताई म्हणाली, आणि तो विषय संपला. पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम, सावर क्रीम घालून केलेलं श्रीखंड आणि टोपलीभर बाकरवडी भाऊजींनी आठवडाभर न कुरकुरता संपवली. त्यांना हे स्थळ फारच आवडलं होतं.

मलाही आवडलं होतं. सरळ सांगते, मला हा मुलगा हवा होता. पाहिला नव्हता, पण त्याने त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी फोन करून आधी माफी मागितली आणि मग मला स्वयंपाकाचं, उंचीचं काही न विचारता कॉलेजातली मुलं गणितात कुठे अडतात ते विचारलं. मी सांगत गेले, तो ऐकत गेला. ऐकणारा माणूस फोनवरसुद्धा कळतो. मार्च संपता संपता माझा व्हिसा संपणार होता. परत साताऱ्याला जाऊन 'अमेरिका कशी वाटली' या प्रश्नाला उत्तरं देत बसायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मग त्याने हवेचं सांगितलं. "जानेवारी परवडला हो. थंडी एकदा पडली की पडली. पण हे दिवस वाईट. सकाळी वर पाऊस असतो, दुपारी त्याचाच बर्फ होतो, आणि संध्याकाळी सगळं गोठून रस्त्याची काच होते. मग रस्त्याचे लोक पास, म्हणजे घाट, क्लोज करतात, कधी तासभर, कधी दिवसभर. वरचा बर्फ कोसळायच्या आत स्वतःच तोफा डागून पाडतात."

"तोफा?"

"खऱ्या तोफा. प्रॉमिस."

त्या फोनचा आवाज इतका मोठा, की ओट्यापाशी कणीक मळणाऱ्या ताईला पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "खरं बोलणारा माणूस 'येता येत नाही' म्हणतो आणि गप्प बसतो. इतकं वर्णन कशाला लागतं? आणि तोफा! तुला काय दुधखुळी समजतो?"

मी हसले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढच्या शनिवारी पुन्हा गुलाबजाम झाले, पुन्हा मी हिरवी साडी नेसले, आणि पुन्हा फोन आला. या वेळी ते घाटाच्या पायथ्याला नॉर्थ बेंडपर्यंत आले होते म्हणे. तिथून गाड्या परत फिरवत होते. ताईने 'असू दे, असू दे' म्हटलं, पण या वेळी उन्हाचं सांगितलं नाही, आणि तिने काही न सांगणं हे मला जास्त धोक्याचं वाटलं.

संध्याकाळी शेजारचा जिम त्याच्या ट्रकमधून बागेची अवजारं उतरवत होता. तो सिॲटलहून त्याच दिवशी आला होता, त्याच घाटातून. ताई कुंपणापाशी गेली. मी मागे.

"जिम, हाउ वॉज युवर ड्राइव्ह?" ताईने विचारलं.

"नो प्रॉब्लेम," जिम म्हणाला. रस्ता ओला होता, बाकी मोकळा, दुपारच्या जेवणाला घरी पोचलो.

ताई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उलट जरा समाधानच होतं. आपला संशय खरा ठरल्याचा आनंद आमच्या घराण्यात सगळ्यांनाच होतो, मी त्यातून स्वतःला वगळत नाही. घरात येऊन मी साडी बदलली आणि घडी न घालता खुर्चीवर टाकून दिली.

बुधवारी शैलेंद्रचा फोन आला तेव्हा मी उलटतपासणी घेतली. घरून कधी निघालात? बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावल्या होत्या का? मग काढल्या कुठे? तुमच्यासमोर कोणी पुढे गेलं का?

"आमच्या पुढच्या चार गाड्या गेल्या आणि मग गेट पाडलं," तो म्हणाला. "तुम्ही नक्की गणितच शिकवता ना? पोलिसात नाही?"

तो हसला. मी हसले नाही. मग त्याचंही हसू थांबलं. "या शनिवारी नक्की," तो म्हणाला. माझ्याशी इतकं जपून तो आजवर बोलला नव्हता. वाईट मला वाटलं, पण रागही मलाच आला. खरं असेल तर हा माणूस दुखावला जातोय, खोटं असेल तर मी मूर्ख ठरतेय. यातलं काय जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

तिसऱ्या शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. "पास ओपन आहे. निघतोय. आईपण आहे. दुपारपर्यंत पोचू, पण वर काही सांगता येत नाही."

"हे शेवटचं वाक्य ऐकलंस?" ताई म्हणाली. "पळवाट आधीच ठेवून दिली."

जेवणाची वेळ झाली. जेवणाची वेळ टळली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत सोफ्यावर चढलं. भाऊजींनी एकदा गुलाबजामच्या पातेल्याकडे आणि एकदा ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हॉस्पिटलात एक पेशंट बघून येतो म्हणून निघून गेले. फोन मुका. मी रिसीव्हर उचलून आवाज येतोय ना ते पाहिलं, आणि ते करताना ताईने मला पाहिलं. माझी ती दशा तिला सहन झाली नसावी.

"पुरे झालं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा नाक कापून घ्यायला मी नाही बसलेली. त्यांनी नाही म्हणायच्या आत आपण म्हणू."

"म्हण," मी म्हणाले. मला भयंकर राग आला होता, आणि तिच्यापेक्षा माझा राग कमी नव्हता.

तिने पद्मिनीकाकूंना फोन लावला. आधी मंडळाच्या नाटकाचं बोलली, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं, मग एक लोणच्याची कृती सांगितली. नकार द्यायच्या आधी अर्धा तास असं बोलावंच लागतं. आणि मग सहज, जाता जाता: "बरं काकू, आपल्या मृणालचं. पत्रिका काही जमत नाही हो."

आता शैलेंद्रची पत्रिका आमच्याकडे आलेलीच नव्हती. कुणी मागितलीही नव्हती. पण हे वाक्य ऐकल्यावर 'कुठली पत्रिका' असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. काकूंनीही विचारलं नाही. "हो का? बरं बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचाच फोन आला. ताईने घेतला, आणि ऐकता ऐकता खुर्ची ओढून बसली.

ते निघाले होते. घाटाच्या माथ्यापर्यंत पोचलेही होते. तिथे असा बर्फ सुरू झाला की पुढची गाडी दिसेना. शैलेंद्रने रस्त्यात गुडघे टेकून साखळ्या लावल्या, आई मागच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन बसलेल्या. पुढे पास बंद. माथ्यावरच्या हॉटेलात एकच फोन, त्याला रांग. तो रांगेत उभा राहिला, आमचा नंबर लावला, एंगेज्ड. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, पुन्हा लावला, एंगेज्ड. तेव्हा ताई लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगत होती. शेवटी तुम्हीच वसुधाताईंना कळवा म्हणून सांगायला त्याने पद्मिनीकाकूंना फोन केला, आणि काकूंनी नुकताच आलेला निरोप त्याला देऊन टाकला.

"मग?" ताईने विचारलं.

मग काय. मागचा रस्ता सुरू झाला तेव्हा ते परत गेले.

इतकं ऐकूनही फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "कशावरून?" पण आवाजात जोर नव्हता. मी कुंपणापाशी गेले आणि जिमला गाठलं. तू सिॲटलहून आलास त्या शनिवारी घाट मोकळा होता ना, असं विचारलं.

"माझ्यासाठी होता," जिम म्हणाला. "माझ्यामागे लगेच बंद केला, रेडिओवर ऐकलं. मार्च महिना आहे, तो घाट दर तासाला मत बदलतो."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

त्याने टोपी मागे सारली. "तुम्ही माझा प्रवास कसा झाला ते विचारलंत," तो म्हणाला. खरंच होतं. आम्ही तेवढंच विचारलं होतं, कारण आम्हाला तेवढंच हवं होतं.

मी आत येऊन रेडमंडला फोन लावला. त्याच्या आईने उचलला. मी नाव सांगितलं, चुकलं म्हणाले, पत्रिकेचं खरं नाही म्हणाले.

"अगं, असू दे," त्या म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. हा गोडवा मला पाठ होता. "पत्रिकेचं काय, ते कुणाच्या हातात असतं? मनाला लावून घेऊ नकोस हं."

"आम्ही येतो," मी म्हणाले. "येत्या शनिवारी. मी येते."

"या की," त्या म्हणाल्या. या की! आमच्यात 'या की' म्हटलं म्हणजे येऊ नका असाही अर्थ होतो आणि याच असाही, आणि तो आवाजावरून ओळखायचा असतो. मला ओळखता आला नाही.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलीने उठून मुलाच्या घरी जायचं, जग काय म्हणेल. शुक्रवारी रात्रीचं जेवण वाढताना मात्र म्हणाली, "एकटी नाही जायचंस. मी येतेय." आणि भाऊजींना सुट्टी घ्यायला लावली.

शनिवारी सकाळी निघालो. मी तीच हिरवी साडी नेसले, वर भाऊजींचा जाड कोट, पायात ताईचे बर्फातले बूट. एलेन्सबर्गपर्यंत ऊन. क्ले एलम नावाच्या छोट्या गावापर्यंतही ऊन. ताई खिडकीतून बाहेर बघत मधूनमधून "कुठाय बर्फ?" असं म्हणत होती. आणि मग गावाबाहेर गाड्यांची रांग लागलेली दिसली. पुढे आडवं लाकूड, त्यावर लाल दिवा, आणि त्याच्या मागे डोंगराच्या जागी नुसती पांढरी भिंत. डोंगर होताच कुठे. आमच्या डोक्यावर निळं आकाश आणि समोर काही नाही. इतक्यात त्या पांढऱ्यातून धप्प असा खोल आवाज आला.

"काय झालं?" ताई दचकून म्हणाली.

"तोफ," मी म्हणाले.



पेट्रोल पंपावर फोनचा डबा होता. मी त्या बुटांत धडपडत गेले, नंबर लावला. त्याची आई.

"मी मृणालिनी. आम्ही निघालोय, पण घाटात बर्फ आहे. पास बंद केलाय."

बोलता बोलताच मला माझं वाक्य ऐकू आलं. त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात:

"असू दे, असू दे. इकडे तर छान ऊन पडलंय."

रेडमंडला! जिथे सहा महिन्यांत मी ऊन पडल्याचं ऐकलं नव्हतं, तिथे आजच पडायचं होतं. "खरंच बंद आहे हो," मी ओरडलेच. "तोफा डागतायत! शप्पथ!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाने की कशाने, मला माहीत नाही. "शैलेंद्रना देता का फोन?"

"तो घरी नाही," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी गाडीत येऊन बसले. ताईने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं. "काय म्हणाल्या?"

"तो घरी नाही म्हणाल्या."

"घरी नाही म्हणजे घरीच आहे," ताई हळूच म्हणाली. ती कुत्सितपणे म्हणाली नाही, तिलाही वाईट वाटत होतं. पण मला तेच वाटत होतं आणि ते तिने बोलून दाखवायला नको होतं. भाऊजींनी रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. परत फिरावं का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी नाही म्हणाले. परत फिरले असते तर त्यांच्या लेखी मी कायमची खोटारडी झाले असते, आणि त्यांनी तसं समजणं चूकही नव्हतं. आम्ही त्यांना तसंच समजलो होतो.

पुष्कळ वेळाने समोरून गाड्या येऊ लागल्या. माथ्यावर अडकलेल्यांना आधी खाली सोडत होते. एकामागून एक, दिवे लावलेल्या, साखळ्यांचा खळखळाट करत. गाडीत गुदमरायला झालं म्हणून मी बाहेर येऊन उभी राहिले. कोटाखालून साडीचा हिरवा काठ वाऱ्याने फडफडत होता. त्या आख्ख्या रस्त्यावर साडी नेसलेली मी एकटीच.

एक मळक्या रंगाची टोयोटा माझ्या पुढून गेली, थांबली, आणि मागे आली. आतून एक उंच, जरा वाकलेला माणूस उतरला. पँट गुडघ्यांपर्यंत ओली, हात वंगणाने काळे.

"मृणालिनी?" तो म्हणाला.

आवाज ओळखीचा होता. "तुम्ही घरी नाही म्हणाल्या आई," मी म्हणाले.

"नव्हतोच. तुमच्याकडे चाकांच्या चेन्स नसणार म्हटलं, म्हणून घाटाच्या या बाजूलाच तुम्हाला गाठून घेऊन जाणार होतो. सकाळीच निघालो, आईला कुठे ते न सांगता. वर अडकलो." त्याने काळे हात पँटला पुसले, त्यामुळे पँटही काळी झाली. "आणि एक विचारायचं होतं. आई म्हणाली, असं कधी विचारत नाहीत. पण मी विचारतो. कुठली पत्रिका?"

"कुठलीच नाही," मी म्हणाले. "तुम्ही येत नाही असं वाटलं आम्हाला. बर्फाचं खोटं वाटलं."

तो हसला नाही. मग बाजूला झाला आणि त्याने गाडीच्या टपाकडे बोट केलं. टपावर हातभर जाड बर्फाचा थर बसला होता, कडेने वितळून थेंब थेंब गळत होता, आणि वरून स्वच्छ ऊन पडलं होतं.

"हात लावून बघा," तो म्हणाला.

मी हात पुढे केला, पण माझ्याआधी माझ्या खांद्यावरून दुसरा हात आला. ताई केव्हा गाडीतून उतरली मला कळलंच नव्हतं. तिने बांगड्यांसकट मनगटापर्यंत हात त्या बर्फात खुपसला, तसाच ठेवला, आणि गारठून लाल होईपर्यंत बाहेर काढला नाही.

"खरंच आहे गं," ती म्हणाली.